ठाण्यातील रात्र आणि तिजोरीतील दारू

सुटीच्या आदल्या रात्री कोणत्याही पोलिस ठाण्याची नोंदवही उघडावी. नवऱ्याने पिऊन येऊन केलेली मारहाण, बारपुढील हाणामारी, झोकांड्या खात चालविलेली दुचाकी, अशाच नोंदी तीत वारंवार आढळतात. गांजाची नोंद निराळ्या वाटेने येते. बहुधा कोणी फिर्यादी नसतो. खबऱ्याकडून वार्ता लागते आणि पोलिसच छाप्यास निघतात. दारूचे बळी ठाण्याची पायरी चढतात, तर गांजाच्या शोधार्थ ठाणे बाहेर पडते. बोलण्यात दोन्ही नशा एकाच मापाने मोजल्या जात असल्या, तरी पोलिसांवरील या दोन ओझ्यांची जात भिन्न आहे.

अर्थात, तुलना जपून केली पाहिजे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे सोळा कोटी लोक मद्य घेतात. भांग, गांजा, चरस घेणारे सुमारे तीन कोटी. पिणारेच अधिक, म्हणून भांडणेही अधिक, हा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हे. तथापि केवळ संख्येने सारा फरक उलगडत नाही.

ब्रिटिश सरकारने १८९३ साली नेमलेल्या भांग-गांजा आयोगाने अकराशेंहून अधिक साक्षी नोंदविल्या. वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदवह्यांत वेडाचे कारण म्हणून 'गांजा' हा शब्द वारंवार येई. तो आला कोठून याचा आयोगाने माग काढला, तेव्हा पुष्कळदा तो वैद्यकीय तपासणीतून नव्हे, तर रोग्यासोबत पोलिसांकडून आलेल्या कागदावरून उतरविलेला निघाला! माफक सेवनाने विशेष अपाय होत नाही, हिंसक गुन्ह्यांशी त्याचा संबंध क्वचितच दिसतो आणि संपूर्ण बंदीची आवश्यकता नाही, असा आयोगाचा निष्कर्ष होता. अतिसेवनाचे धोकेही त्याने लपविले नव्हते; अहवालाचा दाखला देणारे हे सोयीस्करपणे विसरतात.

पुढे १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने भांगेची पाने वगळली, गांजा व चरस मात्र कक्षेत घेतले. एक किलोपर्यंतचा गांजा 'अल्प प्रमाण' गणला जातो. तरीही खिशात चार पुड्या बाळगणाऱ्यासाठी अंगझडतीपूर्वी त्याला त्याचा हक्क सांगणे, पंच गाठणे, माल मोहोरबंद करणे, प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहणे आणि न्यायालयाच्या तारखा सांभाळणे हे सारे आलेच. हे सोपस्कार आरोपीच्या रक्षणार्थ आहेत आणि ते असलेच पाहिजेत. परंतु शिपायाचे तेवढे तास त्या रात्रीच्या मारहाणीच्या तक्रारीतून वजा होतात.

दारूच्या बाबतीत शासनाची भूमिका दुहेरी आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे. पिणाऱ्याने परवाना बाळगावा असे तो सांगतो. किती जण बाळगतात, हे दुकानापुढे घटकाभर उभे राहणाऱ्याला कळेल. याच दारूच्या शुल्कातून अलीकडच्या वर्षांत राज्याला वीस हजार कोटी रुपयांहून अधिक उत्पन्न मिळते. अर्थसंकल्पात हा आकडा दिमाखाने झळकतो. नाकाबंदीचे मनुष्यबळ, अपघाताचे पंचनामे, मध्यरात्रीच्या वैद्यकीय तपासण्या यांचा खर्च मात्र त्यासमोर मांडला जात नाही. वास्तविक राज्य उत्पादन शुल्काचा कारभार मंत्रालयात गृह विभागाकडेच आहे; जमा आणि खर्च दोन्ही एकाच घरात!

यावर संपूर्ण दारूबंदी हा उपाय दिसत नाही. बिहारात २०१६ मध्ये बंदी आली आणि तिच्यामुळे न्यायालयांत खटले तुंबल्याची खंत २०२१ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीशांनीच व्यक्त केली. चंद्रपूरची २०१५ मधील बंदी सहा वर्षांनी उठवावी लागली. परवान्याची दारू असलेल्या मुंबईतही २०१५ साली मालवणीत विषारी दारूने शंभरांहून अधिक माणसे मेली. स्वस्त दारू शोधणाऱ्या गरिबापर्यंत कायदा पोहोचलाच नव्हता.

गांजाबाबत मात्र मार्ग कायद्यातच आहे. अल्प प्रमाणासह सापडलेल्या व्यसनी माणसाने स्वेच्छेने उपचार पत्करले, तर त्याला खटल्यातून मुक्त ठेवणारे कलम ६४-अ १९८५ च्या कायद्यात समाविष्ट आहे. ते कामी आणण्यास नव्या विधेयकाची गरज नाही. गरज आहे ती व्यसनमुक्तीच्या खाटांची आणि प्रशिक्षित डॉक्टरांची. आणि त्यांचा खर्च दारूच्या उत्पन्नातून काढणे शासनाला अवघड जाऊ नये.