पत्र्याखालचा दम

चढाईला गेलेल्या खेळाडूचा दम पंचाला ऐकू आला पाहिजे, हा कबड्डीचा मूळ नियम. ‘कबड्डी, कबड्डी’ सलग आणि स्पष्ट ऐकू आलं नाही, तर चढाई वाया. थंडीत, मोकळ्या मैदानात हे सहज जमतं. पण कबड्डी आता छपराखाली आणि भर पावसाळ्यात आली आहे. प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना २६ जुलै २०१४ रोजी वरळीला, एनएससीआयच्या बंदिस्त स्टेडियममध्ये झाला. तालुक्या-तालुक्यांतही क्रीडासंकुलं उभी राहताहेत आणि त्यांतली बरीचशी पत्र्याच्या छपराची आहेत. तिथे पावसाची सर आली की दम, शिट्टी आणि प्रशिक्षकाची हाक तिन्ही बुडतात.

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात हा आवाज कुणाला नवा नाही. जून-जुलैत मासेमारी बंद, नौका वर ओढलेल्या. बंदराच्या बाजूला पत्र्याखाली जाळ्यांची डागडुजी चाललेली असते. जोराची सर आली की शेजारी बसलेली माणसंही हातवाऱ्यांवर येतात. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. छपराच्या आवाजाची प्रयोगशाळेत चाचणी घेतात तेव्हा पाच मिलिमीटर व्यासाचे थेंब आणि तासाला ४० मिलिमीटर पाऊस म्हणजे ‘जोरदार’ असं धरतात. कोकणात असा पाऊस ही काही बातमी होत नाही.

आवाज होतो कसा? मोठा थेंब सेकंदाला सात ते नऊ मीटर वेगानं आदळतो. पत्रा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. वजन कमी, म्हणून तो ताशासारखा थरथरतो आणि खालची हवा हलवतो. काँक्रीटचा स्लॅब जड असल्यामुळे त्याच थेंबाला दाद देत नाही. पण तीस-चाळीस मीटर रुंदीचा, मधे एकही खांब नसलेला हॉल स्लॅबनं झाकायचा तर खर्च पेलवत नाही. मग पत्रा हलकाच ठेवून त्याची थरथर मारायची, एवढाच मार्ग उरतो. जुनी माणसं पत्र्यावर झावळ्या किंवा गवत पसरत, त्यामागचं शास्त्र हेच. थेंबाचा मार आधी झावळीनं खाल्ला की पत्र्यापर्यंत फारसं काही पोचत नाही.

इथे एक गैरसमज हमखास आढळतो. मिरकरवाड्यातून मासळी बाहेरगावी जाते ती बर्फ घालून, थर्माकोलच्या पेट्यांतून. बर्फ टिकवतो तो थर्माकोल आवाजही अडवेल, असं वाटणं स्वाभाविक आहे. म्हणून पत्र्याखाली थर्माकोल चिकटवला जातो, हॉल थोडा थंड होतो आणि दणदणाट तसाच राहतो. कारण थर्माकोलमधले हवेचे कप्पे बंद असतात. उष्णता अडवायला तेच हवं. आवाज शोषायला मात्र उघडी छिद्रं लागतात. ध्वनिलहर आत शिरली, तंतूंमध्ये घासली गेली, की तिच्यातली ऊर्जा उष्णतेच्या रूपात जिरते. हे काम ग्लासवूल किंवा रॉकवूल करतं. शिवाय रॉकवूल पेटत नाही, थर्माकोल पेटतो. शेकडो माणसं बसणाऱ्या हॉलमध्ये हा फरक विसरून चालत नाही.

चांगलं ध्वनिरोधक छप्पर खालून वर बघत गेलं की उलगडतं. सगळ्यात खाली बारीक भोकं पाडलेला पत्रा, प्रेक्षकांचा गलका आत घेणारा. त्यावर पातळ कापड, वूलचे तंतू खाली गळू नयेत म्हणून. मग वूलचा थर, बाष्परोधक पापुद्रा, त्यावर रॉकवूलची घट्ट लादी, आणि शेवटी पाऊस झेलणारा वरचा पत्रा. खालचा थर हॉलमधला घुमारा कमी करतो, वरची लादी थेंबांचा मार मुरवते. खारी, दमट हवा असलेल्या किनाऱ्यावर बाष्परोधक पापुद्र्याचे सांधे नीट चिकटवणं फार महत्त्वाचं. वूल एकदा भिजलं की उष्णता अडवेनासं होतं, वजनानं खाली बसतं, आणि पत्रा आतून गंजायला लागतो.

वाया जाणाऱ्या मालाची गोष्टही या थरांपासूनच सुरू होते. छपराच्या कामावर भंगाराचे ढीग साचतात ते बहुधा मापं न जुळल्यामुळे. वूलचा रोल १.२ मीटर रुंदीचा आणि पर्लिनमधलं, म्हणजे पत्रा पेलणाऱ्या आडव्या पट्ट्यांमधलं, अंतर दीड मीटर, म्हणजे प्रत्येक ओळीत जोड द्यायचे आणि उरलेले तुकडे फेकायचे. नकाशा काढतानाच हे अंतर मालाच्या मापात बसवलं तर कात्री फारशी लागत नाही. पत्र्याचंही तसंच. मोठ्या कामांवर आता रोल-फॉर्मिंगचं यंत्र साइटवरच आणतात. एका बाजूनं पत्र्याची गुंडाळी आत जाते, रोलरच्या रांगांमधून तिला हळूहळू कडा फुटतात, आणि दुसऱ्या बाजूनं मोभापासून पन्हळीपर्यंत पुरेल असा अखंड पत्रा बाहेर पडतो. आडवा जोड नाही, ओव्हरलॅपमध्ये जाणारा माल नाही. जोडावरचे स्क्रू नसल्यामुळे गळतीच्या जागाही कमी.

बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्याचे २०१६ चे केंद्रीय नियम दिवसाला २० टन किंवा प्रकल्पामागे महिन्याला ३०० टनांहून जास्त कचरा करणाऱ्याला काँक्रीट, माती, विटा आणि लोखंड-लाकूड-प्लास्टिक वेगवेगळं करायला सांगत होते. वेगळं करायचं तर ते मुळात सुटं होणारं हवं. फोम आणि पत्रा एकजीव केलेलं पॅनेल बसवायला झटपट, पण पुढे त्यातलं लोखंड सोडवणं जिकिरीचं. थरांचं छप्पर स्क्रू काढून पुन्हा सुटतं. कोकणातली कौलारू घरं दरवर्षी शाकारली जायची ती अशीच: फुटकी कौलं तेवढी बदलायची, धड होती ती पुन्हा जागेवर. दोहाचं ‘स्टेडियम ९७४’ तर जहाजावरच्या ९७४ कंटेनरांतून उभं केलं, पुढे सुटं करता यावं म्हणूनच.

अर्थात प्रत्येक छपराला वूल लागत नाही. वानखेडे स्टेडियम वास्तुविशारद शशी प्रभूंच्या आराखड्यावर उभं राहिलं आणि जानेवारी १९७५ मध्ये तिथे पहिली कसोटी झाली. २०११ च्या विश्वचषकासाठी त्याची फेरबांधणी झाली तेव्हा प्रेक्षकांवर टेफ्लॉनच्या कापडाचं, मधे खांब नसलेलं छत आलं. असलं कापड हलकं, उन्हाला टिकणारं, पण आवाज रोखण्याइतकं वजन त्यात नसतं. ते तिथे खटकतही नाही. पाऊस आला की क्रिकेट थांबतं. छपरावर थेंब कितीही वाजोत, ऐकू येण्यासारखं मैदानावर काही चाललेलंच नसतं.

कबड्डी, बॅडमिंटन, खो-खो यांच्या हॉलला ही सवलत नाही. तिथे खेळ चालू असतानाच पाऊस पडणार. तरीही निविदांमध्ये छपराची ओळ बहुतेक वेळा पत्र्याची जाडी आणि रंग यांवर संपते. मग वर्षभरात तक्रारी येतात, खालून फॉल्स सीलिंग लावलं जातं, दोन पावसाळ्यांत ते ओलीनं फुगतं आणि ट्रकमध्ये भरून जातं. पैसे दोनदा गेले, कचरा झाला, आणि दम पंचाला ऐकू आला नाहीच. गावात संकुल मंजूर झालं की भूमिपूजनाआधी छपराचा छेद मागून बघावा: किती थर आहेत, पर्लिनमधलं अंतर कुठल्या मापावर धरलंय, आणि उद्या काढायचं झालं तर कुठला थर कसा सुटतो. या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर नसतील, तर ती पुढे पत्र्यावर चढून मिळत नाहीत.