कागदावरचे राज्य आणि उशिरा कळणारी चूक

ड्रॅगन मेला, खजिना मिळाला आणि राजाने खूश होऊन सीमेवरची ओसाड जमीन इनाम दिली. आता पुढे काय? टेबलाभोवती बसून, फासे टाकत खेळायच्या कल्पनारम्य खेळांत बऱ्याचदा गोष्ट इथेच संपते. ज्यांना पुढे खेळायचे असते, त्यांच्यासाठी राज्यकारभाराचे वेगळे, ऐच्छिक नियम असतात. ते घेतले की तलवार बाजूला राहते आणि हाती हिशेबाची वही येते.

या प्रकारातला पहिला गाजलेला खेळ ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये अमेरिकेत आला. त्याच्याच १९९५ च्या ‘बर्थराइट’ या मालिकेत खेळाडू राज्यकर्ते असतात आणि कारभाराची एक फेरी तीन महिन्यांची धरली जाते. ‘पाथफाइंडर’ या खेळाच्या २०१० च्या ‘किंगमेकर’ मोहिमेत ही फेरी एका महिन्याची आहे. तिथे अर्थव्यवस्था, निष्ठा आणि स्थैर्य हे तीन आकडे सांभाळायचे असतात. चौथा आकडा असंतोषाचा. तो वाढला की उरलेले तिन्ही खाली येतात. तो ११ वर गेला की मुलूख हातचा जाऊ लागतो. २० वर अराजक!

हे अवघड का वाटते? आकडेमोड तर साधी बेरीज-वजाबाकीची असते. खरी अडचण आपल्या मेंदूची आहे. कृती आणि परिणाम यांत अंतर पडले, की आपला अंदाज चुकतो.

जर्मन मानसशास्त्रज्ञ डिट्रिश डॉर्नर यांनी हे प्रयोगातून दाखवले. त्यांनी संगणकावर ‘टानालँड’ नावाचा काल्पनिक आफ्रिकी प्रदेश रचला आणि लोकांना त्याचे सर्वाधिकार दिले. बहुतेकांनी शेती सुधारली, आरोग्यसेवा वाढवली. सुरुवातीला सारे छान चालले. मृत्यू घटले, लोकसंख्या वाढत गेली, अन्न मात्र त्या वेगाने वाढले नाही आणि शेवटी दुष्काळ पडला. हेतू चांगलेच होते; दूरचे परिणाम कुणी मोजले नव्हते.

दुसऱ्या प्रयोगात शीतगृहाचे तापमान स्थिर ठेवायचे होते. बटण फिरवल्यावर परिणाम दिसायला वेळ लागे. तेवढा धीर नसलेले लोक बटण आणखी फिरवत आणि तापमान एकदा खूप खाली, एकदा खूप वर जाई.

हीच चूक औषधांच्या बाबतीत घडते. थायरॉइडच्या गोळीचा डोस बदलल्यावर रक्ततपासणी साधारण सहा ते आठ आठवड्यांनी करतात, कारण शरीराला नव्या डोसशी जुळायला तेवढा वेळ लागतो. आठवडाभरात ‘फरक नाही’ म्हणून स्वतःच गोळी वाढवणारा माणूस त्या शीतगृहाचे बटणच फिरवत असतो.

राज्यकारभाराच्या नियमांत या सवयीला आवर घालणाऱ्या तीन गोष्टी आहेत. फेरी संपेपर्यंत थांबावे लागते. प्रत्येक निर्णय कागदावर लिहावा लागतो. आणि सोबतचे खेळाडू विचारतात, ‘याचा खर्च पुढच्या महिन्यात कोण भरणार?’

घरातही हे जमण्यासारखे आहे. औषध, आहार किंवा व्यायामात बदल केला, तर तारीख लिहून ठेवा. परिणाम कधी दिसायला हवा, हे डॉक्टरांना आधीच विचारा. आणि त्या तारखेपर्यंत, त्रास होत नसेल तर, बटणाला हात लावू नका. त्रास झाला, तर मात्र तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.