शिंदे घराणे : सनदेपासून मतपेटीपर्यंत

उज्जैनची जुनी वस्ती मागे टाकून लोहमार्गाच्या पलीकडे आले, की ज्या रुंद रस्त्यांच्या वसाहतीला लोक व्यवहारात फ्रीगंज म्हणतात, तीच माधव नगर; आणि ज्या माधवराव महाराज शिंद्यांचे नाव ती धारण करते, त्यांच्या घराण्याचा या नगरीशी जडलेला संबंध आता जवळजवळ तीन शतकांचा झाला आहे. इंग्लंडातील सेसिल घराण्याचा मूळ पुरुष पहिल्या एलिझाबेथ राणीचा मंत्री होता आणि त्याचाच वंशज लॉर्ड सॉल्झबरी व्हिक्टोरिया राणीचा पंतप्रधान झाला, हे इतिहासाचे वाचक कौतुकाने सांगतात. परंतु त्या कुळाला उमरावसभेतील वंशपरंपरागत आसनाचा आधार होता. शिंद्यांच्या वाट्याला असा अढळ आधार आला नाही. प्रत्येक राजवटीबरोबर सत्तेचे अधिष्ठानच पालटले आणि ते त्यांना नव्याने संपादन करावे लागले.

साताऱ्याकडील कण्हेरखेडच्या पाटील कुळातील राणोजी पहिल्या बाजीरावांच्या पदरी राहून सरदारकीला चढले, आणि माळव्याचा मुलूख वाटला गेला तेव्हा उज्जैन हे त्यांच्या सरंजामाचे मुख्य ठाणे झाले. मुलूखगिरीच्या त्या धामधुमीतही त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराचे मंदिर पुन्हा उभे केले, हे या घराण्याच्या कारकिर्दीतील पहिले चिरस्थायी कार्य होय. पुढल्या पिढ्यांनी सरंजामाचे मोल रक्ताने दिले : जयाप्पा १७५५ साली नागोरच्या वेढ्यात मारेकऱ्यांच्या हातून गेले, दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर पडले, आणि वर्षभराने पानिपताने जनकोजी व तुकोजी यांनाही नेले.

त्या रणातून पायाला जबर जखम घेऊन वाचलेल्या महादजींनी बुडालेली दौलत पुन्हा उभारली, शाह आलम बादशहाला दिल्लीच्या तख्तावर परत आणण्यात पुढाकार घेतला, १७८२ मध्ये मराठे व इंग्रज यांच्यात सालबाईचा तह घडवून आणला, आणि १७८४ मध्ये पेशव्यांच्या नावे वकील-इ-मुतलक हे बादशाहीतील सर्वोच्च पद मिळविले. तरीही स्वतःला पाटील म्हणवून घेण्यात त्यांना भूषण वाटे. १७९४ साली पुण्याजवळ वानवडीस त्यांचा अंत झाला, आणि अवघ्या नऊ वर्षांत त्यांचे वारस दौलतराव यांना असईच्या पराभवानंतर सुर्जी-अंजनगावच्या तहावर शिक्का उमटवावा लागला. १८१० मध्ये राजधानी ग्वाल्हेरजवळच्या लष्कर येथे गेली आणि उज्जैनचे राजकीय महत्त्व ओसरले. पण दौलतरावांच्या पत्नी बायजाबाई यांनी येथे बांधविलेले गोपाळ मंदिर त्या काळाची साक्ष देत भर बाजारात आजही उभे आहे.

या घराण्याविषयी ममत्व बाळगणाऱ्यानेही १८५८ सालाशी थांबले पाहिजे. सत्तावन्नच्या उठावात महाराज जयाजीरावांनी इंग्रजांचा पक्ष सोडला नाही. त्यांचे सैन्य राणी लक्ष्मीबाई आणि तात्या टोपे यांना मिळाले, महाराजांना आग्र्याचा आश्रय घ्यावा लागला, आणि इंग्रजांनी ग्वाल्हेर जिंकून त्यांना पुन्हा गादीवर बसविले. संस्थान राहिले, पण लोकमानसातला तो आक्षेप घराण्याच्या पाठीमागे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. त्याचे उत्तर वंशावळीने देता येत नाही, कार्यानेच द्यावे लागते. तसे कार्य माधवराव महाराजांच्या कारकिर्दीत (१८८६ ते १९२५) झाले : संस्थानात अरुंद मापाची रेल्वे पसरली, उज्जैनची सवाई जयसिंहकालीन वेधशाळा दुरुस्त होऊन पुन्हा अभ्यासाला खुली झाली, आणि क्षिप्राकाठच्या कालियादेह महालाचा जीर्णोद्धार झाला.

१९४८ मध्ये जिवाजीराव मध्य भारताचे राजप्रमुख झाले, आणि १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखेही गेले. परंतु तोवर घराण्याने लोकशाहीची वाट धरली होती. १९५७ साली काँग्रेसतर्फे गुण्यातून निवडून आलेल्या राजमाता विजयाराजे पुढे त्या पक्षाबाहेर पडल्या, १९६७ मध्ये मध्य प्रदेशातील द्वारकाप्रसाद मिश्रांचे काँग्रेस सरकार पाडण्यात अग्रणी ठरल्या, आणि आणीबाणीत त्यांनी तुरुंगवास सोसला. पुत्र माधवराव मात्र काँग्रेसमध्ये गेले, १९८४ साली ग्वाल्हेरात अटलबिहारी वाजपेयींना पराभूत करून रेल्वेखात्यापर्यंत पोहोचले. कन्या वसुंधराराजे भारतीय जनता पक्षाच्या वतीने दोनदा राजस्थानच्या मुख्यमंत्री झाल्या. आणि आजीच्या त्या घटनेनंतर त्रेपन्न वर्षांनी, २०२० मध्ये, नातू ज्योतिरादित्य यांच्या पक्षांतराने भोपाळचे काँग्रेस सरकार पुन्हा कोसळले.

तरीही या सर्व इतिहासात आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते ती त्यापूर्वी एका वर्षाची घटना. ज्या गुण्याने आजीला आणि वडिलांना निवडून दिले, त्याच गुण्याने २०१९ मध्ये ज्योतिरादित्यांना नाकारले, आणि २०२४ मध्ये पुन्हा स्वीकारले. या घराण्याने सनदा मिळविल्या त्या पेशव्यांकडून, बादशहाकडून आणि इंग्रजांकडून. आता सनद रयतेकडे मागावी लागते, ठरावीक मुदतीपुरतीच मिळते, आणि रयत ती परतही घेऊ शकते. तीनशे वर्षांत या कुळाला लाभलेल्या सनदांपैकी हीच सर्वांत न्याय्य होय.