कोद्राँ ‘सिमून’ : दोन महायुद्धांमधील एक फ्रेंच टपाल-विमान

विमानाचा इतिहास लिहिताना बहुधा लढाऊ विमानांकडे व मोठ्या प्रवासी विमानांकडे लक्ष दिले जाते. लहान पर्यटन-विमाने व टपाल-विमाने मागे राहतात. वस्तुतः एखाद्या काळातील यंत्रविद्येची पातळी व तिच्या आर्थिक मर्यादा या लहान विमानांतच अधिक स्पष्टपणे दिसतात. १९३४ च्या सुमारास फ्रान्समध्ये तयार झालेले कोद्राँ ‘सिमून’ हे विमान या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

मोटारींचे सुप्रसिद्ध उत्पादक लुई रनो यांनी १९३३ मध्ये कोद्राँ हा जुना विमान-कारखाना आपल्या उद्योगात सामील करून घेतला. तेथील प्रमुख अभिकल्पक मार्सेल रिफार यांचा भर अधिक शक्तीच्या एंजिनापेक्षा हवेचा विरोध कमी करण्यावर होता. त्यांच्या शर्यतीच्या विमानांनी अल्पशक्तीच्या एंजिनावर मोठमोठे वेग गाठून दाखविले. तोच विचार प्रवासोपयोगी विमानाला लावण्यातून ‘सिमून’ जन्मास आले. सिमून हे वाळवंटातील उष्ण व घातक वाऱ्याचे अरबी नाव होय.

हे चार आसनांचे, प्रामुख्याने लाकडी बांधणीचे एकपंखी विमान होते. पंख धडाच्या खालच्या अंगास जोडलेला असून त्यास बाहेरून तारांचा वा टेकूंचा आधार नव्हता. चाके आत ओढून घेण्याची सोय नव्हती. तथापि त्यांवर सुबक आवरणे बसवून हवेचा अडथळा कमी केलेला होता. ‘बंगाली’ या नावाच्या रनो एंजिनात सहा सिलिंडर एका ओळीत व उलटे, म्हणजे खाली तोंड करून, बसविलेले असत. त्यामुळे प्रोपेलरचा आस उंच राहतो, विमानाचे नाक अरुंद होते आणि वैमानिकास पुढचे दृश्य मोकळे मिळते. सुमारे १८० ते २२० अश्वशक्तीच्या या एंजिनावर विमानाचा कमाल वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास जाई. चार माणसांना नेणाऱ्या लाकडी विमानाच्या बाबतीत त्या काळी ही मोठीच मजल होती.

या वेगाचा उपयोग टपालासाठी करण्याचे ठरविले ते दिदिए दोरा यांनी. आफ्रिका व दक्षिण अमेरिका यांच्याकडे जाणाऱ्या फ्रेंच टपाल-मार्गांचे संचालन त्यांनी अनेक वर्षे कडक शिस्तीने केलेले होते. त्यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या ‘एर ब्लो’ या कंपनीने जुलै १९३५ मध्ये पॅरिसहून फ्रान्सच्या प्रमुख शहरांकडे सिमून विमानांतून केवळ टपाल नेण्यास आरंभ केला. वैमानिकांना ढगांतून व धुक्यातून केवळ उपकरणांच्या व बिनतारी संदेशांच्या आधारे उड्डाण करण्याचे शिक्षण दिलेले होते. ही सेवा नियमितपणाबद्दल नावाजली गेली.

असे असूनही ऑगस्ट १९३६ मध्ये ही सेवा बंद पडली. त्याचे कारण विमानात नसून हिशेबात होते. या टपालावर नेहमीच्या दरापेक्षा जादा आकार द्यावा लागे. उलट, फ्रान्समधील रात्रीच्या आगगाड्या संध्याकाळी टाकलेले पत्र साध्या दरात दुसऱ्या दिवशी सकाळी बहुतेक शहरांत पोहोचवीत. दिवसा उडणारे विमान पत्रास फार तर काही तासांची सवलत मिळवून देई, आणि तेवढ्यासाठी जादा पैसे देण्यास पुरेसे लोक तयार नव्हते. टपालाचा खरा स्पर्धक रात्रीची गाडी असल्याने, विमानानेही रात्रीच उडावयास हवे होते. १९३७ मध्ये शासनाच्या सहभागाने सेवा पुन्हा सुरू झाली. आणि मे १९३९ मध्ये पॅरिस, बोर्दो व पो या मार्गावर रात्रीचे टपाल सुरू झाले, तेव्हा त्यासाठी ‘गोएलाँ’ हे दोन एंजिनांचे मोठे विमान निवडण्यात आले. अंधारात एकुलत्या एका एंजिनावर विसंबणे इष्ट नव्हते.

दूर पल्ल्याच्या विक्रमांसाठीही सिमून वापरले गेले. मारीज बास्तिए या वैमानिक स्त्रीने ३० डिसेंबर १९३६ रोजी डाकारहून ब्राझीलमधील नाताळपर्यंतचा अटलांटिक महासागर एकटीने १२ तास ५ मिनिटांत ओलांडला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पॅरिस-टोकिओ उड्डाण करणारे आंद्रे जापी यांचे विमान जपानमधील सेफुरी पर्वतावर आदळले. जखमी वैमानिकास तेथील ग्रामस्थांनी वाचविले.

सर्वांत प्रसिद्ध अपघात मात्र लेखक-वैमानिक आंत्वान द सँत-एक्झ्युपेरी यांचा होय. पॅरिस-सायगॉन प्रवासाचा विक्रम मोडण्यासाठी ते २९ डिसेंबर १९३५ रोजी यंत्रज्ञ आंद्रे प्रेव्हो यांच्यासह निघाले. अधिक इंधन घेता यावे म्हणून बिनतारी यंत्र सोबत घेतलेले नव्हते. परिणामी रात्री ढगांत आपले स्थान निश्चित करण्याचे साधन उरले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेपूर्वी विमान वाळवंटातील पठारास निसटते आदळून घसरत गेले. दोघेही बचावले; परंतु जवळजवळ पाण्यावाचून काही दिवस भटकल्यावर ते बेदुइनांच्या दृष्टीस पडले. १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘तेर देझ् ओम’ या ग्रंथात हा अनुभव आलेला आहे.

या अपघाताची टपाल-सेवेशी तुलना उद्बोधक ठरते. विमानाची जात एकच. पण एका ठिकाणी बिनतारी यंत्र, ठरलेला मार्ग व जमिनीवरील संघटना होती, तर दुसऱ्या ठिकाणी केवळ वेग व धैर्य होते. यंत्राचा विश्वसनीयपणा त्याच्याभोवतीच्या व्यवस्थेवर किती अवलंबून असतो, हे यावरून ध्यानात येते.

याच प्रश्नाचे एक उत्तर पुढे भारतातही शोधले गेले. जानेवारी १९४९ मध्ये मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून रात्री निघणारी टपाल-विमाने नागपूर येथे एकत्र येऊन टपालाची अदलाबदल करू लागली व पहाटेपर्यंत परतू लागली. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून अंतर्देशीय पत्रे जादा आकार न घेता विमानाने पाठविण्याची योजना अमलात आली. रात्रीचे उड्डाण व साधा दर, या ज्या दोन गोष्टी १९३५ च्या फ्रेंच प्रयोगात नव्हत्या, त्याच येथे एकत्र आलेल्या दिसतात.

सिमून विमाने पाचशेहून अधिक बांधली गेली व त्यांतील पुष्कळशी फ्रेंच वायुदलाने दळणवळणासाठी घेतली. टपाल-विमान म्हणून त्याचे आयुष्य अल्प ठरले. तरीही, थोड्या शक्तीत मोठा वेग साधण्याची किमया आणि तो वेग अवेळी वापरल्यास येणारे अपयश, या दोहोंचा पुरावा म्हणून त्याचे स्थान विमानविद्येच्या इतिहासात टिकून राहील.