पोट साफ होत नाही म्हणून रोज चूर्ण घेताय? आधी पोटॅशियम तपासून घ्या

छत्रपती संभाजीनगर : दोन-तीन दिवस पोट साफ झालं नाही की आपल्याकडं दुकानातून चूर्णाचं पाकीट येतं, नाहीतर रात्री एरंडेल घेतलं जातं. एखाद्या वेळी चालून जातं. पण रक्तात पोटॅशियम कमी असलेल्या माणसाला हाच उपाय अंगाशी येऊ शकतो.

पोटॅशियम हा रक्तातला क्षार. रिपोर्टमध्ये साधारण ३.५ ते ५ हा आकडा ठीक समजतात. हातापायाचे, आतड्याचे आणि हृदयाचे स्नायू त्याच्यावर चालतात. तो बराच घटला की आतडी मंदावतात, पोट तुंबतं. त्यात जुलाबाचं औषध घेतलं तर पातळ शौचावाटे उरलंसुरलं पोटॅशियमही निघून जातं. आतडी आणखी सुस्त होतात, मग माणूस चूर्णाचा आणखी एक चमचा वाढवतो!

‘आयुर्वेदिक आहे, काही होत नाही’ असं सगळेच म्हणतात. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते, ती जुलाबाचीच. ज्येष्ठमधही रोज जास्त पोटात गेलं तर पोटॅशियम उतरतं. बीपीसाठी किंवा पायावरच्या सुजेसाठी लघवीची गोळी चालू असलेल्यांनी, नुकत्याच जुलाब-उलट्या झालेल्यांनी जास्त जपावं.

मग करायचं काय? डॉक्टरांना चालू गोळ्या आणि चूर्णाचं पाकीट दाखवून ‘सीरम इलेक्ट्रोलाइट्स’ ही रक्ताची तपासणी करावी. पोटॅशियम भरून आलं की पुष्कळदा पोटही हलतं. तोवर डॉक्टरांना विचारून इसबगोल घेता येतं, पण मोठा ग्लासभर पाण्यात आणि भिजवून न ठेवता लगेच. कमी पाण्यात घेतलं तर तेच घशात किंवा आतड्यात अडकतं. लॅक्ट्युलोजचं पातळ औषध दिलं तर सांगितलं तेवढंच घ्यावं, त्यानंही जुलाब लागले की पुन्हा तेच. लघवीची गोळी मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका.

नारळपाणी, केळी चांगली, पण किडनीच्या पेशंटनं विचारल्याशिवाय नको. पोटॅशियम वाढणंही हृदयाला तितकंच घातक आहे. पोटॅशियमचं सायरपही मेडिकलवरून परस्पर आणू नये.

पोट फुगून टणक झालं, वारा सरत नाही, उलट्या होतात, पायातलं बळ गेलं, छातीत धडधड होते किंवा चक्कर येते, यातलं काहीही दिसलं तर इसबगोलसुद्धा देऊ नका. १०८ ला फोन करा आणि पेशंटला ग्रामीण रुग्णालयात किंवा थेट घाटीत न्या.