‘त्याले काय समजते?’ : लहान लेकरांबद्दलचे काही गैरसमज

सोयाबीनच्या सोंगणीत रिसोड, मालेगाव, मानोऱ्याकडच्या आईला दिवस पुरत नाही. लेकरू अंगणवाडीत नाहीतर आजीजवळ असते आणि संध्याकाळी आई दमून घरी येते. अशा धावपळीत लेकरांविषयीच्या काही समजुती कोणी तपासूनच पाहत नाही.

पहिली म्हणजे, ‘तान्ह्या बाळाशी काय बोलायचे, त्याले काय समजते?’ वस्तुस्थिती अशी की गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळाला पोटातच ऐकू येऊ लागते आणि जन्मल्यावर थोड्याच दिवसांत ते आईचा आवाज वेगळा ओळखते. न्हाऊ घालताना ‘आता पाय धुऊ, आता हात’ एवढे म्हटले तरी चालते. बाळाने हुंकार दिला की मात्र थांबावे, त्याला उत्तर द्यावे.

‘पोटभर खाऊ घातले की झाले’ ही दुसरी समजूत. आहार हवाच, त्यात तडजोड नाही. पण जमैकातील किंग्स्टन शहरात 1986-87 मध्ये वाढ खुंटलेल्या 129 बालकांवर एक अभ्यास सुरू झाला. काहींना पूरक आहार मिळाला. काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्याला जाऊन, घरी बनवलेल्या खेळण्यांनी लेकराशी कसे खेळायचे ते आईला दाखवत होती. 20 वर्षांनी पाहिले तेव्हा ज्यांच्या घरी खेळ पोहोचला होता त्यांची कमाई सुमारे 25 टक्के जास्त होती. नुसत्या आहाराने तसा फरक पडला नव्हता.

सर्वांत जास्त नुकसान करणारी समजूत आयांच्याच तोंडून ऐकू येते : ‘मी शिकलेली नाही, घरात खेळणी नाहीत, मी काय शिकवणार?’ हे मला अजिबात मान्य नाही. तुरीच्या ओल्या शेंगा सोलायला बसल्यावर चार वर्षांच्या मुलीला शेजारी घ्या. कोणत्या शेंगेत तीन दाणे, कोणत्या शेंगेत चार, लांब कोणती, आखूड कोणती, हे ती बोलत बोलत शिकते. शेंग उकलताना बोटांत जी ताकद येते तीच पुढे पेन्सिल धरायला लागते, म्हणून तिसऱ्या वर्षी अक्षरे गिरवून घेण्याची घाई नको. (तीन वर्षांखालच्या लेकराच्या हाती दाणे, चिंचोके देऊ नयेत; ते नाकात, घशात अडकतात.) भुलाबाईच्या दिवसांत डबा हलवून, खुणा विचारून खिरापत ओळखायची, यात ऐकणे, आठवणे, तर्क करणे सगळे आले. डब्यात दाणे, खडे, भांड्यांची झाकणे घालून हा खेळ वर्षभर खेळता येतो. चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगायला तर वाचता येण्याचीही गरज नाही. मध्येच थांबून ‘मग काय झालं असंल?’ विचारायचे आणि लेकराने सांगितलेला शेवट मान्य करायचा.

राज्यभरच्या जिल्हा परिषद शाळांत 2022 पासून झालेल्या ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारीच्या मेळाव्यांमागेही, आई घरीच शिकवू शकते, हाच विश्वास आहे. तिथे मुलांच्या खेळांइतकेच मातांच्या मार्गदर्शनाला आणि माता गटांना स्थान आहे.

‘मोबाईलवरच्या गाण्यांनी मूल लवकर बोलते’ हेही खरे नाही. मोबाईल लेकराच्या हुंकाराला उत्तर देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितले आहे : वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच, 2 ते 4 वर्षांच्या मुलाला दिवसाला फार तर एक तास.

राहिला भाषेचा प्रश्न. पोहरादेवीच्या परिसरातील तांड्यांवर आई गोरमाटीत बोलते, इतरत्र वऱ्हाडीत. ‘अशाने शाळेत मागे पडेल’ म्हणून ती लेकराशी बोलतानाही अवघडते. घरच्या भाषेत पक्के झालेले मूल दुसरी भाषा सहज उचलते. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही सुरुवातीच्या शिक्षणासाठी घरची भाषाच सुचवली आहे.

तेव्हा सासूबाईंना विनंती : माता गटाच्या बैठकीच्या दिवशी सुनेला तासभर कामातून मोकळे करा. आणि वडिलांनो, आज रात्रीची गोष्ट तुम्ही सांगा.