गोव्याच्या पॅरिश शाळा: सुरांत पक्क्या, बाकी कच्च्या

जुन्या हिंदी गाण्यांतली व्हायोलिनं ऐकता ना? त्यांची मुळं गोव्यातल्या चर्चला जोडलेल्या प्राथमिक शाळांत आहेत. पोर्तुगीज काळात गावोगावी या पॅरिश शाळा होत्या, आणि मला हा विषय फार जिव्हाळ्याचा आहे.

तिथे धर्मशिक्षण आणि संगीत हेच मुख्य विषय. चर्चचा संगीतशिक्षक आधी ‘सोल्फेज’ घोटून घ्यायचा: समोर स्वरलिपीचा कागद, हाताने ताल, तोंडाने दो-रे-मी. हे पक्कं झालं की मग व्हायोलिन हातात. त्यामुळे गरीब घरातलं पोरही कागद पाहून कुठलीही रचना वाजवू शके. पुढे मुंबईच्या स्टुडिओंत संगीतकार चाल गुणगुणत आणि गोवेकर वादक ती झरझर लिहून काढत. माजोर्डा गावचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस याच परंपरेतले. त्यांचे वडील तिथल्या चर्चचे संगीतप्रमुख होते. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडेच व्हायोलिन शिकले.

पण उणिवाही मोठ्या, आणि त्या झाकू नयेत. लिहिणं-वाचणं, हिशेब यांना दुय्यम जागा. मुली बहुतेक बाहेरच. हिंदू मुलांना तर या शाळांत स्थानच नव्हतं. ती आपल्या शेणवी मास्तरांकडे मराठी शिकत. आणि भाषा! पोर्तुगीज सरकारच्या 1684 च्या फर्मानाने कोकणी सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकायला सांगितलं, तेही पाद्री आणि शाळामास्तरांमार्फत. घरची बोली शाळेतून हद्दपार करणं हा माझ्या मते या शाळांवरचा सगळ्यात मोठा डाग.

तुमच्या घरात कुणी सोल्फेज शिकलेलं असेल तर जरूर लिहा.